घरगुती सुतारशाळा व हवेचें गणित

आपलें सोलापूर हें सुताचें व कापडाचें शहर. १८७७ सालीं येथें निघालेली कापडगिरणी पुढें 'जुनी गिरणी' म्हणून प्रसिद्ध झाली. ती आज चालत नाहीं. परंतु शहराच्या पूर्वभागांत मागांचा आवाज अद्यापि ऐकूं येतो. त्यामुळें हवेंत तरंगणाऱ्या तंतूंची पीडा भवानी पेठेंतील वाचकांस नव्यानें सांगावयास नको. कापसाच्या धुळीनें होणाऱ्या छातीच्या विकारास बिसिनोसिस असें नांव आहे. सुटीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशीं छाती आवळल्यासारखी वाटणें हें त्याचें ठळक लक्षण होय.

लाकडाच्या धुळीविषयीं मात्र आपण निष्काळजी असतों. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं ही धूळ मनुष्यास कर्करोग करणारी आहे असें जाहीर केलें. ज्या घरीं एका खोलींत करवत चालते व शेजारच्या खोलींत मुलें निजतात, तेथें हा विचार टाळतां येणार नाहीं.

पायाखालीं पडणारा भुसा झाडूनें निघतो. खरें भय न दिसणाऱ्या धुळीचें. आपला केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनांहून लहान कण श्वासाबरोबर आंत शिरतात, व त्यांतील अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोल जातात. काम थांबलें तरी असे कण बराच वेळ हवेंत राहतात. म्हणून धूळ जेथें उत्पन्न होते तेथेंच ती ओढून घेतली पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, वडील माणसांसमक्ष एक प्रयोग करा. मेणबत्ती हातभर अंतरावर ठेवून फुंकर मारा, ज्योत विझेल. आतां तितक्याच अंतरावरून तोंडानें हवा आंत ओढा. ज्योत जागची हालणार नाहीं. फुंकलेली हवा सरळ दूरवर जाते. ओढलेली हवा मात्र चहूंबाजूंनीं येते. नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतकें दूर गेलें, कीं ओढीचा वेग सुमारें दहावा हिस्सा उरतो. यास्तव नळीचें तोंड करवतीच्या पात्याशीं अगदीं भिडवून, शक्य तितकें झांकून बसवावें.

आतां गणित पाहूं. लाकडाचा भुसा नळींत न सांचतां वाहून जावा यासाठीं हवेचा वेग मिनिटास सुमारें ४००० फूट असावा लागतो. नळीच्या तोंडाचें क्षेत्रफळ व हा वेग यांचा गुणाकार म्हणजे लागणारी हवा. ४ इंच व्यासाच्या नळीचें क्षेत्रफळ ०.०८७ चौरस फूट. म्हणून मिनिटास सुमारें ३५० घनफूट हवा हवी. ६ इंची नळीचें क्षेत्रफळ ०.१९६ चौरस फूट; तीस सुमारें ७८५ घनफूट हवा लागते. व्यास दीडपट झाला, परंतु हवा सव्वादोनपट लागली! यंत्राच्या माहितीपत्रकांत हेंच माप 'सी. एफ. एम.' या अक्षरांनीं दिलेलें असतें.

तथापि छापील आंकड्यावर विसंबूं नये. तो बहुधा नळी व पिशवी न जोडतां मोजलेला असतो. लांब नळी, काटकोनी वळणें, आंतून वळ्या असलेली लवचीक नळी आणि धुळीनें बुजलेली गाळणी-पिशवी यांपैकीं प्रत्येक गोष्ट हवा कमी करते. म्हणून गणितानें येणाऱ्या मापाहून बरेंच मोठें यंत्र घ्यावें, नळी आंखूड व वळणें सैल ठेवावीं, आणि पिशवी वेळोवेळीं खोलीबाहेर नेऊन झाडावी. घर झाडण्याचें व्हॅक्यूम यंत्र जोरानें ओढतें खरें, परंतु थोडीच हवा ओढतें. घासण्याच्या लहान हातयंत्रास तें पुरतें. मोठ्या करवतीस व रंध्याच्या यंत्रास पुरत नाहीं. पिशवींतून निसटणाऱ्या धुळीकरितां नाकातोंडावर घट्ट बसणारी एन-९५ पट्टी बांधावी, आणि भुशाजवळ विडी किंवा शेगडी कदापि आणूं नये.

पालकांस आमची विनंती इतकीच कीं, यंत्र घेतांना केवळ अश्वशक्ति विचारूं नये. नळी व पिशवी जोडल्यावर मिनिटास किती घनफूट हवा ओढली जाते, पिशवी किती मायक्रॉनांचे कण अडविते, आणि ती साफ कशी करावयाची, हे तीन प्रश्न विचारावे. वर दिलेला गुणाकार तर सातव्या इयत्तेंतील मुलासही साधेल. त्यानें आपल्या घरची नळी मोजून तो आजच वडिलांस करून दाखवावा. शाळेंत शिकलेलें वर्तुळाचें क्षेत्रफळ घरच्या माणसांच्या श्वासाच्या उपयोगीं पडेल.