ज्वालामुखीच्या प्रदेशातील सूक्ष्म शैवाल

वनस्पतीस माती, पाणी व सूर्यप्रकाश लागतो, असे प्राथमिक वर्गात शिकविले जाते. हा सामान्य नियम होय. जीवनाची अंतिम मर्यादा नव्हे.

इटलीत नेपल्सनजीकच्या ज्वालामुखीय भूमीत व अमेरिकेतील यलोस्टोन येथे, गंधकयुक्त उष्ण झऱ्यांच्या परिसरात 'गॅल्डिएरिया सल्फ्युरारिया' हे एकपेशीय शैवाल आढळते. लिंबाच्या रसाहून तीव्र आम्लात आणि सुमारे ५६ अंश सेल्सिअस उष्णतेपर्यंत ते तग धरते. त्याची गणना तांबड्या शैवालांच्या वर्गात होते; रंग मात्र निळसर हिरवा असतो. उजेडात ते आपले अन्न स्वतः तयार करते. अंधारात बाहेरून मिळणाऱ्या शर्करेवर निर्वाह करते. त्याची काही जनुके मूळची जीवाणूंसारख्या सूक्ष्म जीवांकडून आलेली आहेत, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

परग्रहावर असे जीव असतील काय, असा प्रश्न मुले विचारतील. तेथे जीव अद्याप सापडलेला नाही, हे शिक्षकांनी स्पष्ट सांगावे. परंतु 'अशक्य' म्हणून प्रश्न मिटवू नये. मुलांनी परग्रहावरील शैवालाची कल्पना करून चित्र काढावे आणि त्यास पाणी, अन्न व ऊर्जा कोठून मिळेल, हे सांगावे. कल्पनेस कारणांची जोड मिळाली, म्हणजेच विज्ञानाचा पाठ सुरू झाला.