हिमशिखरावरील उद्रेक आणि आर्मेरोचा विनाश

ज्वालामुखी म्हटला की उसळणारा लालभडक शिलारस डोळ्यांपुढे येतो. परंतु दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात १३ नोव्हेंबर १९८५ रोजी सुमारे २३,००० लोक मृत्युमुखी पडले ते मुख्यतः चिखलामुळे. नेवाडो देल रुइस या पर्वताचा तो उद्रेक तसा लहानच होता. म्हणूनच त्याची कारणे व परिणाम अभ्यासण्याजोगे आहेत.

पॅसिफिक महासागराच्या तळाचा नाझ्का हा भूपट्ट दक्षिण अमेरिका खंडाखाली सतत सरकत असतो. खोलवर गेल्यावर त्यातील पाणी मुक्त होते, वरच्या खडकांचा द्रवणांक उतरतो आणि शिलारस निर्माण होतो. हा शिलारस दाट व वायुयुक्त असल्याने त्याचा स्फोट होतो. आपल्या दख्खनच्या पठाराची घडण याहून वेगळी, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तेथे पातळ लाव्हा थरांवर थर पसरत गेला.

रुइस हे सुमारे ५,३०० मीटर उंचीचे हिमाच्छादित शिखर होय. रात्री नऊच्या सुमारास बाहेर पडलेल्या तप्त राखेने व खडकांच्या लोटांनी तेथील बर्फाचा जेमतेम दशांश वितळविला. तेवढे पाणी पुरेसे ठरले. राख, माती व दगडगोटे ओढून नेत ते दऱ्यांतून धावले आणि वाटेत फुगत गेले. अशा पंकप्रवाहास इंडोनेशियातील शब्दावरून ‘लहार’ म्हणतात. सुमारे अडीच तासांनी, साडेअकराच्या सुमारास, तो लागुनिया नदीच्या दरीच्या मुखाशी वसलेल्या आर्मेरो शहरावर कोसळला. तेथील २९,००० रहिवाशांपैकी २०,००० हून अधिक दगावले. उंच जागा पायी गाठता येईल इतक्या जवळ होत्या!

संकट अनपेक्षित होते असे मात्र म्हणता येत नाही. नोव्हेंबर १९८४ पासून पर्वत धुमसत होता. ११ सप्टेंबर १९८५ च्या वाफेच्या स्फोटाने एका दरीत चिखलाचा लोंढा सोडलाही होता. ऑक्टोबरमध्ये तयार झालेल्या धोका-नकाशात आर्मेरो स्पष्टपणे धोक्याच्या पट्ट्यात दाखविले होते. शिवाय, १८४५ साली याच पर्वतावरून आलेल्या लोंढ्याने सुमारे हजार बळी घेतले होते आणि त्या गाळाच्याच भूमीवर हे शहर उभे राहिले होते. सुपीक जमिनीचा मोह माणसाला अशा ठिकाणी पुन्हा पुन्हा खेचून नेतो. शास्त्रज्ञांचा इशारा होता, पण स्थलांतराचा खर्च आणि इशारा खोटा ठरण्याची भीती यांमुळे निर्णय लांबत गेला. त्या सायंकाळी शहरावर राख पडू लागली, तेव्हाही लोकांना घरातच शांत राहण्यास सांगण्यात आले.

१९८६ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने परदेशांच्या साहाय्यासाठी ज्वालामुखी-तज्ज्ञांचे फिरते पथक उभारले. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनाटुबोचा, रुइसहून कितीतरी मोठा, उद्रेक होण्यापूर्वी याच पथकाने स्थानिक शास्त्रज्ञांसह काम केले आणि हजारो लोक वेळेत हलविले गेले. आर्मेरो मात्र पुन्हा वसविण्यात आले नाही. वाचलेल्यांपैकी अनेकांनी जवळच्या ग्वायाबाल व लेरिदा येथे नवे संसार मांडले.