वाडी, वादी आणि प्रतिवादी

दिवाळीच्या सुट्टीत आगरला घरी पोचलो तर ओटीवर सगळे गप्प. आमच्या चिकूच्या वाडीचं कुंपण शेजाऱ्यांच्या हद्दीत सरकलंय, असं म्हणत त्यांनी आजोबांवर डहाणू कोर्टात दावा लावला होता. समन्स येऊन अठरा दिवस झाले होते आणि ते आजोबांनी देव्हाऱ्यामागे ठेवून दिलं होतं! "मी काय चोरी केलीय? कोर्टाची पायरी मी चढणार नाय," एवढंच ते म्हणायचे.

तीन वर्षं मेकॅनिकल शिकतोय, पण त्या कागदातली एक ओळ धड कळेना. शेवटी बाबांबरोबर वकिलांकडे गेलो. तिथे जे समजलं ते इथे लिहितो, कारण आपल्या हॉस्टेलमध्ये जमिनीचं भांडण नसलेलं घर शोधावंच लागेल.

आजोबांची पहिली चूक म्हणजे ते स्वतःला आरोपी समजत होते. आरोपी हा फौजदारी खटल्यात असतो. दिवाणी दाव्यात दावा लावतो तो वादी आणि ज्याच्यावर लावतो तो प्रतिवादी. इथे अटक नाही की शिक्षा नाही, प्रश्न फक्त हक्काचा. समन्स घेऊन आला होता तोही पोलीस नव्हता, कोर्टाचा बेलिफ होता.

वादीचं म्हणणं ज्यात असतं ते वादपत्र. त्याला आपलं उत्तर म्हणजे लेखी जबाब, जुन्या भाषेत कैफियत. (रात्री उशिरा आल्यावर रेक्टरसरांना देतो ती वेगळी!) हा जबाब समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायचा. कारण पटलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देतं, त्यापुढे मात्र फारच अपवादाने. गैरहजर राहिलं की दावा एकतर्फी चालतो आणि वादीच्या पुराव्यावरच निकाल होऊ शकतो. म्हणजे गप्प बसून आजोबा आपलीच वाडी पणाला लावत होते.

शेजाऱ्यांनी तात्पुरता मनाई हुकूमही मागितला होता. निकाल लागेपर्यंत कुणी काही बदलू नये, यासाठी तो असतो. 'जैसे थे' म्हणतात तेही त्याच जातीचं. शेवटी होतो तो हुकूमनामा. समोरच्याने तो पाळला नाही तर अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, त्याला कोर्टात दरखास्त म्हणतात. मला वाटायचं दरखास्त म्हणजे साधी विनंती!

मी वकिलांना विचारलं, डहाणूची ती गाजलेली पर्यावरणाची केसही असाच दावा होता का? नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. तिची अंमलबजावणी व्हावी म्हणून बिट्टू सेहगल सर्वोच्च न्यायालयात गेले, ती जनहितार्थ रिट याचिका होती. तिथे वादी नसतो, याचिकाकर्ता असतो, आणि समोर शेजारी नसून सरकार असतं. त्या १९९६ च्या निकालातूनच न्या. चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली डहाणूचं पर्यावरण प्राधिकरण आलं.

आमचं प्रकरण मात्र चार हात जमिनीचं. सातबारा आणि मोजणीचा नकाशा शोधून सव्विसाव्या दिवशी जबाब दाखल केला. वकीलपत्रावर सही करताना आजोबांनी चष्मा पुसून विचारलं, "प्रतिवादी म्हणजे आरोपी नाय ना?"

परवा फोन केला तर स्वतःच म्हणाले, "पुढची तारीख सोळाची. मी जाणार आहे."