धनाग्रीकरण की विलेपन? कीबोर्डच्या रंगीत बॉडीवरून एक पाठ



दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मध्ये ‘धातुविज्ञान’ हा पाठ आहे. त्यात धातूंचं क्षरण रोखण्याचे उपाय येतात. जस्ताचा लेप, कथिलाचा लेप, धनाग्रीकरण, विद्युत विलेपन. प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच ओळी. मुलं त्या पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत धनाग्रीकरणाच्या जागी विलेपन, विलेपनाच्या जागी धनाग्रीकरण लिहून मोकळी होतात. वस्तू धनाग्राला जोडायची की ऋणाग्राला, हे तर बहुतेक जण नाणं उडवूनच ठरवत असावेत.

हा गोंधळ सोडवायला एक वस्तू फार कामाची आहे, आणि ती हल्ली आपल्या मुलांच्या तोंडी सारखी असते: मेकॅनिकल कीबोर्ड. ज्या पालकांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑफिसातल्या साध्या कीबोर्डमध्ये सगळ्या बटणांखाली मिळून एक रबराची चादर असते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतःचा वेगळा स्विच आणि स्प्रिंग. शौकीन मंडळी याच्या पुढे जातात. स्विच एकीकडून, वरच्या टोप्या दुसरीकडून आणि बॉडी तिसरीकडून घेऊन कीबोर्ड स्वतः जुळवतात. ही बॉडी बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा ठोकळा मशीनवर कोरून बनवलेली असते. तळाशी वजनासाठी पितळेची किंवा स्टीलची पट्टी. पितळ ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड असतं, त्यामुळे कीबोर्ड टेबलावर हलत नाही. किंमत ऐकून पालक हबकतात, ते साहजिकच आहे. पण आपल्याला इथे तो विकत घ्यायचा नाहीये, त्याच्याकडे नीट बघायचंय.

बॉडी जांभळी आहे, आणि नखाने खरवडली तरी रंग निघत नाही. तळाची पट्टी आरशासारखी चमकते. वर्गात विचारा, हा रंग लावला कसा? ‘स्प्रे मारला’ हे पहिलं उत्तर येणारच. येऊ द्या.

तो रंग लावलेला नसतो. ॲल्युमिनियम हवेत ठेवलं की त्याच्यावर ऑक्साइडचा एक पापुद्रा आपोआप येतो, फक्त काही नॅनोमीटर जाडीचा. धनाग्रीकरणात हाच पापुद्रा मुद्दाम हजारो पट जाड वाढवतात. ॲल्युमिनियमची वस्तू विजेच्या धन टोकाला जोडून १५ ते २० टक्के सल्फ्युरिक आम्लात बुडवतात आणि साधारण १२ ते १८ व्होल्टचा एकदिश प्रवाह सोडतात. धनाग्रावर ऑक्सिडीकरण होतं, हे मुलांना ठाऊक आहे. इथे धनाग्र म्हणजे ती वस्तूच. त्यामुळे ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन देतं, पाण्यातला ऑक्सिजन घेतं आणि त्याच्याच अंगाचं ॲल्युमिनियम ऑक्साइड होतं. समोरच्या ऋणाग्रावर हायड्रोजनचे बुडबुडे. अर्ध्या-पाऊण तासात १० ते १५ मायक्रॉनचा थर तयार होतो. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरा, म्हणजे अंदाज येईल.

आता खरी गंमत. आम्ल हा थर वाढत असतानाच त्याला थोडा थोडा विरघळवतही असतं. त्यामुळे थरात अतिसूक्ष्म, उभी, नळीसारखी छिद्रं तयार होतात. मधाच्या पोळ्याची आठवण होईल अशी मांडणी. वस्तू धुऊन गरम रंगाच्या टाकीत सोडली की रंगाचे रेणू या छिद्रांत उतरतात. मग जवळजवळ उकळत्या पाण्यात ठेवायची. ऑक्साइड पाणी धरून फुगतं, छिद्रांची तोंडं मिटतात आणि रंग आत कोंडला जातो. या शेवटच्या पायरीला कारखान्यात ‘सीलिंग’ म्हणतात. नखाने रंग का निघत नाही, त्याचं हे उत्तर. (काही लाल-गुलाबी रंग मात्र उन्हात फिके पडतात. कीबोर्ड खिडकीत ठेवू नये तो म्हणूनच.)

तळाच्या चमकत्या पट्टीची गोष्ट नेमकी उलट. पितळेवर निकेल चढवायचं असेल तर पितळ ऋणाग्राला जोडतात. निकेलच्या क्षाराच्या द्रावणातले धन आयन त्याच्याकडे ओढले जातात, इलेक्ट्रॉन घेतात आणि धातू होऊन पृष्ठभागावर बसतात. धन टोकाला निकेलची पट्टी किंवा तुकडे, ते झिजत जातात. पितळ आत जसंच्या तसं, वर दुसऱ्याच धातूचा थर. आपल्या घरातला शब्द वापरायचा तर मुलामा. एक ग्रॅम सोन्याचे दागिने मुलांनी पाहिलेले असतात आणि मुलामा गेला की काय दिसतं तेही.

म्हणून मी फळ्यावर दोनच वाक्यं लिहितो. विलेपनात लेप बाहेरून येतो. धनाग्रीकरणात लेप धातूच्या अंगातून उगवतो. आणि वस्तू कुठे जोडायची याचं उत्तर शब्दातच दडलंय: धनाग्रीकरण, म्हणजे वस्तूला धनाग्र करणं. एवढं कळलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही. आजीला कल्हई आठवत असेल तर तिलाही या पाठात बोलवा. नवसागराने भांडं साफ करायचं आणि तापलेल्या भांड्यावर वितळलेलं कथील कापसाने फिरवायचं. तिथे वीज नाही, पण लेप बाहेरूनच आलेला.

हुशार मुलगी इथे विचारेल, मग ॲल्युमिनियमवर निकेल चढवता येतं का? येतं, पण सरळ नाही. तोच नैसर्गिक ऑक्साइडचा पापुद्रा मध्ये येतो आणि लेप सोलून निघतो. आधी जस्ताचा एक पातळ थर द्यावा लागतो. धनाग्रीकरणात जो मित्र, तोच विलेपनात आडवा येतो. आणि पितळ किंवा लोखंड या आम्लाच्या टाकीत धनाग्राला जोडलं तर? रंगीत थर वगैरे काही नाही, ते नुसतं विरघळत जाईल.

आपल्या भागातल्या शिक्षकांना तर हा पाठ पुस्तकाबाहेर शोधायला लांब जावं लागत नाही. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघरच्या औद्योगिक वसाहतींत बफिंग, प्लेटिंग, पावडर कोटिंगचं काम गाळ्यागाळ्यांतून चालतं. वस्तू कीबोर्डची बॉडी असो, नळाची तोटी असो की दाराचं हँडल, पायऱ्या त्याच असतात. आधी बफिंग, मग तेलकटपणा काढणं, कॉस्टिकमध्ये बुडवणं, प्रत्येक टाकीनंतर पाण्याने धुणं. धनाग्रीकरणाचा थर पारदर्शक असतो, तो ओरखडा झाकत नाही, उलट दाखवतो. त्यामुळे शेवटच्या चमकेचं निम्मं श्रेय टाकीला नाही, बफवर उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला असतं. टाकीचंही तसंच. प्रवाहाने द्रावण तापतं आणि ते २० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. वसईच्या मे महिन्यात चिलर बंद पडला तर थर मऊ, भुकटीसारखा होतो. वरची आणि खालची बॉडी वेगवेगळ्या दिवशी टाकली तर जांभळ्याच्या दोन छटा येतात. हे सगळं सांभाळणाऱ्याला आपण ‘कामगार’ म्हणतो आणि पुढे जातो.

समुद्राचाही संबंध आहे. धनाग्रीकरण कारखान्यात प्रथम १९२३ च्या सुमारास ब्रिटनमध्ये वापरलं गेलं ते सजावटीसाठी नव्हे, तर समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यात खराब होऊ नयेत म्हणून. तेव्हा क्रोमिक आम्ल वापरत. सल्फ्युरिक आम्लाची पद्धत १९२७ मध्ये आली. अर्नाळा, राजोडीकडे राहणाऱ्या मुलांना खारी हवा लोखंडी ग्रिलचं काय करते ते सांगावं लागत नाही.

आता वर्गातला प्रयोग. आम्ल नको, वीज नको, फक्त एक मल्टिमीटर. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडून ॲल्युमिनियम सेक्शनचा धनाग्रीकरण केलेला तुकडा आणा. फुकट देतात. मल्टिमीटर बीपवर लावून दोन्ही टोकं रंगीत पृष्ठभागावर हलकेच टेकवा. आवाज येत नाही, कारण ॲल्युमिनियम ऑक्साइड विद्युतरोधक आहे. टोकं जोरात टोचू नका, थर फुटतो. मग तीच टोकं तुकड्याच्या कापलेल्या कडेवर लावा, लगेच बीप. शेजारी क्रोमची तोटी ठेवा, तिथे कुठेही बीप. मुलामा धातूचाच ना. पावडर कोटिंगवरही बीप येणार नाही, तेव्हा दोन्हींत फरक कसा करायचा हे मुलांनाच शोधू द्या. पावडरचा थर जाड असतो, तो खालच्या रेघा बुजवतो आणि खरवडल्यावर पापुद्रा सुटतो.

पालकांना मात्र एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. धनाग्रीकरण घरी करून दाखवणारे व्हिडिओ मुलं बघतात. बॅटरीचं ॲसिड आणि चार्जर, बस. बॅटरीचं ॲसिड म्हणजे साधारण ३५ टक्के सल्फ्युरिक आम्ल. डोळ्यात एक थेंब उडाला तर नजर जाऊ शकते. वर टाकीतून हायड्रोजन निघतो, तो बंद खोलीत साठला तर ठिणगी पुरते. आणि उरलेलं आम्ल ओतायचं कुठे? बाथरूममध्ये? मूल असं काही मागत असेल तर सरळ नाही म्हणा, आणि वरचा मल्टिमीटरचा प्रयोग द्या.

चकाकीची दुसरी किंमतही वर्गात बोलली पाहिजे. आरशासारख्या क्रोमच्या फिनिशमध्ये क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, खालचं निकेलच जास्त. पण तो पातळ थर पारंपरिक पद्धतीत क्रोमिक आम्लातून येतो, म्हणजे षट्‌संयुजी क्रोमियममधून. ते कर्करोगकारक आहे. नीट वायुवीजन नसलेल्या ठिकाणी वर्षानुवर्षं त्याची वाफ श्वासात गेलेल्या कामगारांच्या नाकातल्या पडद्याला भोक पडल्याची वैद्यकीय नोंद जुनी आहे. धुण्याचं पाणी तसंच सोडलं तर ते नाल्यातून पुढे जातं. त्यावर उपाय आहे आणि तो दहावीच्या रसायनशास्त्रातच बसतो: सोडिअम मेटाबायसल्फाइटने षट्‌संयुजी क्रोमियमचं क्षपण करून त्रिसंयुजी करायचं (पिवळं-नारिंगी पाणी हिरवट होतं), मग चुन्याने पीएच वाढवून हायड्रॉक्साइडचा साका बसवायचा आणि तो साका धोकादायक कचरा म्हणूनच द्यायचा. थेट त्रिसंयुजी क्रोमियमच्या टाक्याही आता मिळतात. धनाग्रीकरणही काही गंगाजल नव्हे, पण सल्फ्युरिक आम्लाच्या पद्धतीत क्रोमियम लागत नाही. कोणी मला विचारलंच, क्रोमचं घ्यावं की रंगीत ॲल्युमिनियमचं, तर मी दुसऱ्याच्या बाजूने. निकेलची ॲलर्जी असणाऱ्याच्या बोटांनाही तेच बरं.

आमच्याकडे प्रवेश अर्जात वडिलांचा व्यवसाय या रकान्यात ‘खाजगी नोकरी’ लिहिलेलं असतं. चौकशी केली की कळतं, कोणी बफिंगला आहे, कोणी प्लेटिंगच्या टाकीवर, आणि मूल ते हळू आवाजात सांगतं. या पाठाला त्यांच्यापैकी एका बाबांना वर्गात बोलवा. सुट्टीचा दिवस त्यांच्या सोयीचा ठरवा, गाळा सोडून येणं म्हणजे रोज बुडणं असतं. भाषण नको. मुलांकडून प्रश्न आधी लिहून घ्या: हातमोजे आणि मास्क मिळतो का, टाकीचं तापमान कसं कळतं, माल परत का येतो. आणि एक प्रश्न तुमच्याकडून घाला. वस्तू टाकीत टांगायला जिगला कुठेतरी पकडावीच लागते, आणि जिथे जिग चिकटते तिथे थर वाढत नाही, रंगही चढत नाही. म्हणजे कितीही महागडा कीबोर्ड असो, स्क्रू काढून आतून बघितलं की कुठेतरी दोन-चार बिनरंगी ठिपके सापडतात. ते ठिपके कुठे ठेवायचे हे कोण ठरवतं, हे त्यांना विचारा.