अकरा नावांची पाटी

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून बीडला घरी येणाऱ्या ग्राफिक डिझाइनच्या विद्यार्थ्यासाठी ही कृती आहे. कॉलेजात असाइनमेंट मिळाली की आधी स्क्रीनवर शोधाशोध सुरू होते, आणि तिथं जे सापडतं ते वर्गातल्या सगळ्यांना सापडलेलं असतं. एसटी स्टँडवर, मोंढ्यात, उसाच्या ट्रॉलीवर जे आहे ते मात्र तिथं उभं राहून हातानं काढल्याशिवाय मिळत नाही. आठ दिवस लागतात. शेवटी एक पाटी तयार होते: जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांची नावं, एकाच घडणीच्या अक्षरांत.

साहित्य: कोरी वही, टू-बी पेन्सिल, बटर पेपर, फूटपट्टी, खडू, सुतळी, दोन सपाट ब्रश (एक अर्धा इंची, एक बारीक), पिवळा ऑईल पेंट, टर्पेंटाइन, रेड ऑक्साइड प्राइमर आणि चार फूट बाय तीन फुटांचा पत्रा. पत्रा उभा वापरायचा आहे. मोबाईल लागेल, पण नुसत्या नोंदीपुरता. पहिल्या सुट्टीत मी पाट्यांचे तीनेकशे फोटो काढले होते आणि त्यातली एकही पाटी मला नंतर आठवेना. ज्या सात-आठ वहीत काढल्या होत्या त्यांची अक्षरं आजही डोळे मिटून सांगता येतात.

आधी नावं वहीत लिहून काढ. बीड, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार. यांत १८ वेगवेगळी व्यंजनं येतात आणि देवनागरीतल्या बहुतेक अडचणीही येतात. परळीतला ळ आडवा पसरतो. बीडमधला ड, पाटोद्यातले ट आणि द यांना उभा दंड नाही, त्यामुळे शेजारच्या अक्षराशी अंतर फूटपट्टीनं सारखं ठेवलं तरी डोळ्याला कमीजास्त दिसतं. धारूर आणि शिरूर यांतला रू तर वेगळाच: ऊकार र च्या खाली न लागता कमरेला लागतो. शिरूरमध्ये पहिल्या वेलांटीची कमान किती लांब न्यायची ते ठरवावं लागतं. आष्टीत ष्ट हे जोडाक्षर आहे. आणि या सगळ्या नावांत ओळीखाली उतरणारं चिन्ह एकही नाही, ष्ट एकाखाली एक जोडला तर तेवढाच खाली उतरतो. ही गोष्ट लक्षात ठेव, मांडणीच्या वेळी कामाला येईल.

पहिले दोन दिवस एसटी स्टँडवर. गाड्यांच्या पाट्या, फलाटावरचे फलक, टपऱ्या, सलूनची काच. प्रत्येक नावाची तीन रूपं शोध: एक ब्रशनं रंगवलेलं, एक फ्लेक्सवर छापलेलं, एक कुठंही, अगदी खडूनं लिहिलेलंही चालेल. तिन्ही एका पानावर शेजारी शेजारी काढ. माजलगाव आणि शिरूर या दोन नावांपाशी सावकाश थांब. जुना पेंटर माजलगावचा ल दोन पाकळ्यांचा काढतो आणि शिरूरचा श देठाचा. शाळेत आपल्याला हाताला हेच वळण लावलं, शासनाच्या वर्णमालेतही हेच आहे. फ्लेक्सवर मात्र पुष्कळदा दंडाचा, हिंदी वळणाचा ल दिसतो. तो कुणी मुद्दाम निवडलेला नसतो, फॉन्टमध्ये जो आधी आला तो छापला गेला. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की अशा फॉन्टमध्ये पाकळीचा ल येतो. ही सेटिंग कुठं आहे ते सुट्टीतच शोधून ठेव. माझ्या जिल्ह्यातल्या गावाचं नाव त्याच गावच्या वेशीवर परक्या वळणात उभं असतं, याचं मला खरंच वाईट वाटतं, आणि ते थांबवणं डिझाइनरच्या हातात आहे.

तिसरा दिवस मोंढ्यात. अडत दुकानांसमोर बारदानाच्या थप्प्या असतात, त्यांवर अक्षरं कोरलेला पत्रा ठेवून शाई फिरवलेली असते. त्या अक्षरांचं निरीक्षण कर. ब, व, प, म यांचं पोट पत्र्यात पूर्ण कापलं तर आतला तुकडा गळून पडतो. म्हणून कापणारा मध्ये बारीक पट्टी सोडतो आणि छापलेल्या अक्षराला तिथं खाच दिसते. शिरोरेघ अखंड कापली तर पत्रा कमजोर होतो, म्हणून तीही तुटक. हे रूप सुंदर दिसतं म्हणून उचलून पोस्टरवर वापरणारे पुष्कळ आहेत. तू वहीत आकारासोबत कारणही लिही: ‘पोट गळू नये म्हणून जोड.’ या आठ दिवसांत वहीच्या प्रत्येक चित्राखाली असं एक वाक्य हवंच. कारण सापडलं नाही तर प्रश्न लिही.

चौथा आणि पाचवा दिवस पेंटरसोबत. या कृतीचा जीव इथं आहे, इथं घाई करू नकोस.

दसऱ्यानंतर ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात, तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवून घेतलेल्या दिसतात. मागच्या फाळक्यावर आईवडिलांची नावं, देवाचं नाव, गावाचं नाव. एखादा पेंटर काम करताना दिसला तर आधी नमस्कार, मग परवानगी, मग वही. ‘फोटू कशाला काढायलाय?’ असं विचारलं तर खरं ते सांग: ‘मामा, अक्षरं शिकायलोय.’ मुलगी असशील तर ‘शिकायलेय’. चहा सांग. त्यांचा वेळ घेणार असशील तर त्याचे पैसे दे, हा त्यांचा धंदा आहे.

विचारायचे प्रश्न थोडे, पण नेमके. शिरोरेघ आधी ओढता की शेवटी? ओळीत किती अक्षरं बसतील हे कसं मोजता? नाव लांब असेल तर अक्षर अरुंद करता की अंतर कमी करता? ब्रश कुठं वळवता? पत्र्याला उभ्या घड्या असतील तर अक्षर घडीवर येऊ न देण्यासाठी काय करता? उत्तरापेक्षा हाताकडे जास्त बघ. सपाट ब्रश एकाच कोनात धरून खाली आणला की रेघ जाड, बाजूला सरकवला की बारीक. अक्षराचा जाड-बारीकपणा कुठून येतो ते पुस्तकात वाचून जेवढं कळत नाही तेवढं इथं दहा मिनिटांत कळतं. मग अक्षराभोवतीची कड. ती दिसते सजावटीची, पण धुळीनं माखलेली ट्रॉली अंधारात मागच्या गाडीच्या दिव्यात दिसते तेव्हा नाव त्या कडेमुळे वाचता येतं.

निघताना विचार: ‘मामा, तुमचं नाव लिहू का माझ्या कामात?’ पाटीच्या कोपऱ्यात पेंटर बारीक अक्षरात सही करतात, ती वहीत जशीच्या तशी उतरव. तुझ्या पोर्टफोलिओत त्यांचं नाव तुझ्या नावाच्या शेजारी, तेवढ्याच आकारात आलं पाहिजे.

सहाव्या दिवशी जमलं तर अंबाजोगाई. दासोपंतांनी (१५५१–१६१५) ‘पंचीकरण’ ज्या कापडावर लिहिलं ती पासोडी याच गावची, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. ती डोळ्यांनी बघायला मिळाली नाही तरी घरी एक प्रयोग कर. जुनं धोतर किंवा साडी अंगणात पसरून तिच्यावर खडूनं ओळी आख आणि वाचत चालत जा. कागदाचं पान डोळ्यानं वाचलं जातं, एवढं कापड पायांनी. अक्षर केवढं, ओळ किती लांब, वाचणारा पुढं कसा सरकणार, हे प्रश्न आपल्याच जिल्ह्यात चारशे वर्षांपूर्वी एका कवीनं सोडवले होते.

संध्याकाळी आजीची गोधडी उघडून बघ. धावदोरा कडेनं सुरू होऊन चौकोनात आत आत जातो, म्हणून वेगवेगळ्या रंगांचे तुकडे एकत्र राहतात. पाटीवर अकरा नावं वेगवेगळ्या लांबीची आहेत, त्यांना धरून ठेवणारी तुझी धावदोऱ्याची रेघ कोणती, ते ठरव.

सातवा दिवस अक्षरांचा. बटर पेपरवर आधी ब, ड, र, ग, ळ काढ, ही पाच जमली की बाकीची त्यांच्यातून निघतात. ब मधून व, तसाच प मधून ष. सापडलेल्या अक्षरांची नक्कल करू नकोस. एक साधन निवड, सपाट ब्रश किंवा कापलेला पत्रा, आणि त्या साधनाचं कारण सगळ्या अक्षरांना सारखं लाव. ल पाकळीचा, श देठाचा. चार फूट उंचीत अकरा ओळी म्हणजे एका ओळीला साधारण सव्वाचार इंच. त्यात अक्षर दोन इंच, वर वेलांटी-मात्रेला एक इंच. ष्ट आडवा जोडलास तर खाली जागा सोडायची गरजच नाही आणि ओळी जवळ आणता येतात. संगणकावर तपासणार असशील तर इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये भारतीय लिपींचे पर्याय चालू कर, नाहीतर ‘आष्टी’चं जोडाक्षर फुटतं आणि ‘शिरूर’ची वेलांटी भलतीकडे जाते. त्याच रात्री पत्र्याला प्राइमरचा हात देऊन ठेव.

आठव्या दिवशी पाटी. खडूची पूड लावलेली सुतळी ताणून सोडली की पत्र्यावर सरळ रेघ उमटते, अशा बावीस रेघा मार. बटर पेपरच्या मागं खडू घासून अक्षरं पत्र्यावर उतरव. पेंट फार पातळ करू नकोस, ओघळतो. वरून खाली रंगवत ये म्हणजे मनगट ओल्या रंगाला लागणार नाही. ब्रश उचलून उचलून दुरुस्त्या केल्या की कड दातेरी होते, म्हणून रेघ एका दमात ओढ.

एक रात्र वाळू दे. दुसऱ्या दिवशी पाटी घराच्या भिंतीला टेकव आणि दिवेलागणीला रस्त्याच्या पलीकडे जाऊन वाच. शक्यतो ज्यानं ती आधी बघितलेली नाही अशा शेजाऱ्याला वाचायला लाव. आष्टीपाशी तो अडखळला तर ष्ट मधली मोकळी जागा बुजली आहे. तेवढ्याच अक्षरावर प्राइमर लाव आणि सकाळी ते पुन्हा काढ.