भेदरलेल्या कुत्र्याला आधी घर, मग मालक

शेल्टरमधलं भेदरलेलं कुत्रं पहिल्याच भेटीत कायमचं दत्तक घेऊ नका, असं मी पुणे जिल्ह्यातल्या शेळगाव-अंथुर्णे पट्ट्यात कुणालाही सांगेन. भिंतीला पाठ लावून, शेपूट पोटाखाली घेऊन बसलेलं, माणूस निघून जाईपर्यंत वाटीतल्या भाताला तोंड न लावणारं कुत्रं बघून त्याचा स्वभाव ओळखता येत नाही. अशा कुत्र्याला मधलं घर हवं, म्हणजे फॉस्टर. संशोधक लिसा गंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली अमेरिकेतल्या पाच शेल्टरमधल्या २०७ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक-दोन रात्री कुणाच्या घरी राहिल्यावर त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं आणि झोपही सलग लागली. माया लावून परत पिंजऱ्यात सोडणं जास्त क्रूर, असं बरेच जण म्हणतात. पण याच अभ्यासात परतल्यावर कॉर्टिसोल पूर्वीइतकंच झालं, त्याच्या वर गेलं नाही. तरी फायदाही टिकला नाही, म्हणून भित्र्या कुत्र्याला कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणारं कुटुंब शोधावं, असं माझं मत. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकांच्या आवारातली कुत्री शेल्टरमध्ये ठेवायला सांगितल्यापासून ही गरज वाढलीच आहे.

मात्र फॉस्टरमागे संस्था भक्कम हवी. रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, ब्लू क्रॉस यांसारख्या संस्था पुण्यात, म्हणजे इथून शंभरावर किलोमीटर लांब. म्हणून कुत्रं आणण्याआधीच विचारा: औषधपाण्याचा खर्च कोण करणार, रात्री-अपरात्री फोन कुणाला लावायचा, जमलं नाही तर परत घेणार का, लसीचं कार्ड कुठंय. उत्तरं लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर कुत्रं कितीही गोड वाटो, तिथं थांबा.

वस्तीवर कुत्री मोकळीच असतात, मग याचे एवढे लाड कशाला, हा प्रश्न येणारच. वस्तीवरच्या कुत्र्याला बांध न् बांध ठाऊक असतो. नवं कुत्रं ट्रॅक्टरच्या आवाजाने बिथरून उसात घुसलं की सापडत नाही. घाबरून मागे सरताना त्याच्या डोक्यावरून गळपट्टा सहज निसटतो, म्हणून छातीवरून येणारा पट्टा वापरा आणि ते हाकेला येईपर्यंत मोकळं सोडू नका. पडवीचा शांत कोपरा द्या, जवळ बसा, हात लावायची घाई करू नका. पोरांना बजावून ठेवा. दात लागलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच आरोग्य केंद्र गाठा. शिवाय याच तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आणि लांडगे आहेत. मोकाट कुत्री चिंकारांच्या मागे लागतात. कुत्र्यांकडून रेबीज, डिस्टेंपर लांडग्यांपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे लसीकरण आणि नसबंदी पूर्ण नसेल, तर संस्थेकडून कुत्रं ताब्यातच घेऊ नका.