एका मुठीची पारख : पेटंट परीक्षणामागील अर्थविचार

बौद्धिक संपदा हा विषय स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर बहुधा औषधे, हळद किंवा बासमती तांदूळ यांच्या निमित्ताने येतो. त्यामुळे पेटंट म्हणजे बड्या कंपन्यांचा आणि आंतरराष्ट्रीय तंट्यांचा विषय, अशी समजूत होण्याचा संभव असतो. वस्तुतः पेटंट कार्यालयाकडे बिजागऱ्या, झडपा, कुलपे, मुठी अशा नित्याच्या वापरातील वस्तूंचेही अर्ज येतात. अशा साध्या वस्तूच्या अर्जाची तपासणी कशी होते हे समजून घेतल्यास पेटंट कायद्याची मूलतत्त्वे अधिक स्पष्ट होतात. प्रस्तुत लेखात दारा-खिडक्यांना बसविल्या जाणाऱ्या ‘फ्लश हँडल’ या वस्तूच्या आधारे हा विषय मांडला आहे.

वस्तू आणि अर्जदार

फ्लश हँडल म्हणजे दाराच्या किंवा खिडकीच्या पृष्ठभागाबाहेर न येता खोबणीत समपातळीत बसणारी मूठ. सरकत्या खिडक्या, कपाटे, रेल्वेचे डबे, वाहनांचे दरवाजे अशा ठिकाणी बाहेर आलेली मूठ अडचणीची ठरते, म्हणून ही रचना वापरतात. पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कुलपे व मुठी ‘ई०५बी’ या वर्गात मोडतात आणि पृष्ठभागात पूर्णपणे बसविलेल्या मुठींसाठी त्यात ५/०० हा स्वतंत्र गट आहे. ही कल्पना जुनी असून तिच्यावर जगभर पुष्कळ काम झालेले आहे, एवढे या एका नोंदीवरूनच ध्यानात येते.

उदाहरणादाखल असे समजू या की, जबलपूर येथील एका लघुउद्योजकाने अशी एक मूठ तयार केली आहे. जबलपूरला यंत्रकामाची परंपरा मोठी आहे. तेथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ साली सुरू झाली, व्हेइकल फॅक्टरी १९६९ मध्ये आली, तर माहिती तंत्रज्ञान, डिझाइन व उत्पादन या विषयांना वाहिलेली पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या नावाची केंद्रीय संस्था २००५ मध्ये स्थापन झाली. अशा शहरातील कुशल कारागिराला एखादी सुधारणा सुचणे स्वाभाविक आहे. तिला संरक्षण कोणते मिळावे, हा पुढचा प्रश्न होय.

पेटंट की डिझाइन ?

येथे पहिला भेद लक्षात घ्यावा लागतो. मुठीचा आकार, तिच्यावरील नक्षी किंवा रेषांची मांडणी डोळ्यांना आकर्षक वाटत असेल, तर तिला ‘डिझाइन अधिनियम, २०००’ लागू होतो. हा अधिनियम ११ मे २००१ पासून अमलात आला. त्यातील व्याख्येनुसार डिझाइनची पारख केवळ दृष्टीने करावयाची असते. रचनेचे तत्त्व किंवा निव्वळ यांत्रिक साधन त्यातून वगळलेले आहे. हे संरक्षण प्रथम १० वर्षे मिळते व ते आणखी ५ वर्षे वाढविता येते. मूठ कशी उघडते, खटका कसा सुटतो, दार आपोआप कसे बंद राहते, म्हणजेच वस्तूचे कार्य कसे घडते, यासंबंधीची नवी युक्ती मात्र ‘पेटंट अधिनियम, १९७०’ च्या कक्षेत येते. त्याची मुदत अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे आहे.

एकाच मुठीच्या बाह्य रूपासाठी डिझाइनची नोंदणी आणि तिच्या यंत्रणेसाठी पेटंट, असे दोन्ही हक्क मागता येतात. मात्र एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही. आकाराची नोंदणी करून यंत्रणेवर मक्तेदारी सांगता येत नाही, हे परीक्षार्थींनी विशेष ध्यानात ठेवावे.

अर्जाचा प्रवास

पेटंट कार्यालयाच्या मुंबई, दिल्ली, चेन्नई व कोलकाता अशा चार शाखा आहेत. मध्य प्रदेश हे राज्य महाराष्ट्र, गुजरात, गोवा व छत्तीसगड यांच्यासह मुंबई शाखेच्या अधिकारक्षेत्रात येते. म्हणून जबलपूरच्या अर्जदाराचे पेटंटसाठीचे कार्यालय मुंबई ठरते. डिझाइनचे अर्ज मात्र कोलकाता येथील कार्यालयात तपासले जातात.

अर्जासोबत शोधाचे वर्णन करणारे विनिर्देशपत्र द्यावे लागते. कल्पना अपुरी असल्यास प्रथम तात्पुरते विनिर्देशपत्र देऊन १२ महिन्यांच्या आत पूर्ण विनिर्देशपत्र सादर करता येते. अर्ज सामान्यतः १८ महिन्यांनंतर प्रसिद्ध होतो. तो आपोआप तपासला जात नाही. तपासणीची स्वतंत्र मागणी करावी लागते. यासाठी पूर्वी ४८ महिन्यांची मुदत होती. मार्च २०२४ मध्ये अमलात आलेल्या सुधारित नियमांनी ती ३१ महिन्यांवर आणली. परीक्षकाच्या पहिल्या अहवालातील आक्षेपांना ६ महिन्यांत उत्तर द्यावे लागते आणि ही मुदत ३ महिन्यांपर्यंत वाढवून मिळू शकते. पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही व्यक्ती विरोध नोंदवू शकते. पेटंट मिळाल्याचे प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीला विरोध करता येतो.

ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग व शैक्षणिक संस्था यांच्यासाठी १,६०० रुपये, तर इतरांसाठी ८,००० रुपये आहे. तपासणीच्या मागणीसाठी हेच आकडे अनुक्रमे ४,००० व २०,००० रुपये आहेत. लहान अर्जदाराला पेटंट व्यवस्थेचे दार उघडे राहावे, हा या सवलतीमागील हेतू होय.

तीन कसोट्या

परीक्षक मुख्यतः तीन प्रश्न विचारतो. शोध नवा आहे काय ? त्यात कल्पक पाऊल आहे काय ? आणि त्याचा उद्योगात उपयोग होऊ शकतो काय ? मुठीच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. खरी परीक्षा पहिल्या दोन प्रश्नांत होते.

आपल्या कल्पित अर्जातील दावा असा आहे असे मानू : खोबणीत बसणारी पेटी, तिच्यात एका आसावर फिरणारी पट्टी, पट्टीचे एक टोक दाबले की दुसरे टोक वर येते, आणि पट्टी जागेवर राहावी म्हणून खाली एक लोहचुंबक. परीक्षक प्रथम या दाव्याचे घटक वेगळे करतो. नंतर प्रत्येक घटक पूर्वीच्या कागदपत्रांत कोठे आढळतो ते शोधतो. सर्व घटक एकाच जुन्या दस्तऐवजात सापडले, तर नावीन्य संपते. ते दोन निरनिराळ्या दस्तऐवजांत सापडले, म्हणजे एकात दाबून उघडणारी पट्टी आणि दुसऱ्यात कपाटाचे दार धरून ठेवणारा लोहचुंबक असेल, तर नावीन्य शाबूत राहते. तरीही त्या विषयातील जाणकाराला या दोहोंची सांगड सहज सुचली असती काय, हा प्रश्न उरतोच.

येथे अधिनियमाचे कलम ३ (एफ) महत्त्वाचे ठरते. ज्ञात साधनांची अशी नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती की जिच्यात प्रत्येक साधन परस्परांपासून स्वतंत्रपणे आपले पूर्वीचेच कार्य करते, तिला कायदा शोध मानत नाही. वरील उदाहरणात पट्टी पूर्वीप्रमाणेच फिरते व लोहचुंबक पूर्वीप्रमाणेच धरून ठेवतो. दोहोंच्या एकत्र येण्याने नवे काही घडत नाही. असा दावा टिकणे कठीण असते.

आता समजा, अर्जदाराच्या मुठीत आणखी एक योजना आहे. पट्टी पूर्ण वर आल्याखेरीज खिडकीचा खटका सुटत नाही आणि पट्टी समपातळीत परतताच लोहचुंबकाच्या ओढीने तोच खटका अडकतो. येथे घटक परस्परांवर अवलंबून आहेत आणि त्यांच्या संयोगातून स्वतंत्र कुलपाविना सुरक्षितता लाभते. अशी जोड आधीच्या दस्तऐवजांत सुचविलेली नसेल, तर कल्पक पाऊल असल्याचा युक्तिवाद करता येतो. त्यासाठी अर्जदाराला आपला दावा याच योजनेपुरता मर्यादित करावा लागेल. दुरुस्ती करताना मूळ विनिर्देशपत्रात नसलेली गोष्ट त्याला घालता येत नाही. दावा व्यापक ठेवला तर तो जुन्या ज्ञानावर आदळतो. फार अरुंद केला तर प्रतिस्पर्धी थोडा फरक करून त्याला वळसा घालतो. पेटंट लेखनातील कौशल्य या दोहोंमधील जागा शोधण्यात आहे.

दारमुठीचाच ऐतिहासिक निवाडा

कल्पक पावलाची ही कसोटी ज्या निवाड्यातून विकसित झाली, तो दाराच्या मुठीविषयीच होता. अमेरिकेत १८४१ साली माती किंवा चिनीमातीच्या मुठींसाठी पेटंट देण्यात आले होते. मुठीतील आत रुंद होत जाणाऱ्या खाचेत धातूचा दांडा पक्का बसविण्याची रीत धातूच्या व लाकडाच्या मुठींत आधीच रूढ होती. बदलले होते ते फक्त मुठीचे द्रव्य. ‘हॉचकिस विरुद्ध ग्रीनवुड’ या खटल्यात १८५१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे पेटंट अमान्य ठरविले. सामान्य कारागिराच्या कौशल्यापेक्षा अधिक काही त्यात दिसत नाही, हे त्यामागील कारण होते. न्यायमूर्ती वुडबरी यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. नवी वस्तू अधिक चांगली व स्वस्त असेल तर तेवढे पुरेसे मानावे, असा त्यांचा रोख होता.

भारतात याच प्रश्नावरील मूलभूत निर्णय ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये दिला. मिर्झापूर येथील भांडी बनविणाऱ्या संस्थेकडे भांडी चरकावर धरण्याच्या साधनाचे पेटंट होते. हे साधन म्हणजे अनेक दशके ज्ञात असलेल्या रीतीचा किरकोळ बदलासह केलेला वापर आहे, असे ठरवून न्यायालयाने पेटंट टिकू दिले नाही. कारखान्यातील नेहमीची सुधारणा आणि शोध यांत अंतर आहे, तसेच पेटंट दिले गेले म्हणून त्याची वैधता सिद्ध होत नाही, ही दोन तत्त्वे या निर्णयातून दृढ झाली. १९७० च्या अधिनियमाचे कलम १३ (४) देखील परीक्षणाला वैधतेची हमी मानत नाही.

अर्थशास्त्रीय बाजू

ज्ञान एकदा प्रकट झाले की त्याचा वापर अनेकांना अल्प खर्चात करता येतो. त्यामुळे संशोधनावर खर्च करणाऱ्याला मोबदला मिळण्याची खात्री नसते. पेटंट ही अडचण मर्यादित काळाच्या मक्तेदारीने दूर करते. तिची किंमत ग्राहक आणि इतर उत्पादक वाढीव दराच्या रूपाने मोजतात. समाजाला नवे ज्ञान मिळत असेल तरच हा सौदा लाभाचा ठरतो. जुन्याच मुठीवर पेटंट दिले गेले, तर ती मूठ वर्षानुवर्षे बनविणारे छोटे कारखानदार एका रात्रीत हक्कभंग करणारे ठरतात आणि न्यायालयीन खर्च पेलत नाही म्हणून उत्पादन सोडून देतात. उलट, खऱ्या शोधाला पेटंट नाकारले, तर जबलपूरच्या त्या उद्योजकाची नक्कल करून मोठे उत्पादक बाजार काबीज करतात. परीक्षकाच्या दोन्ही प्रकारच्या चुकांचा भार अखेरीस लहान उद्योगावरच अधिक पडतो.

या संदर्भात भारतीय व्याख्या अभ्यासण्याजोगी आहे. २००५ च्या सुधारणेनुसार कल्पक पावलासाठी तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही असावे लागतात, आणि शिवाय तो शोध जाणकाराला सहज सुचणारा नसावा लागतो. म्हणजेच वुडबरी यांच्या मतातील आर्थिक विचाराला आपल्या कायद्याने स्थान दिले. मात्र केवळ स्वस्ताईला मक्तेदारीचे कारण होऊ दिले नाही. परीक्षेत ही व्याख्या लिहिताना ‘आणि’ या शब्दाचा विसर पडू नये.

सहज सुचणारी परंतु उपयुक्त अशी लहान सुधारणा मग निराधारच राहावी काय ? जर्मनीने १८९१ पासून आणि जपानने १९०५ पासून अशा सुधारणांसाठी ‘युटिलिटी मॉडेल’ नावाचा अल्प मुदतीचा हक्क ठेवला आहे. जर्मनीत तो सखोल परीक्षणाविना नोंदला जातो व जास्तीत जास्त १० वर्षे टिकतो. भारतात असा कायदा नाही. केंद्र सरकारने २०११ मध्ये याविषयी एक चर्चापत्र प्रसिद्ध केले होते. या मार्गाने कारागिरांना प्रोत्साहन मिळेल हे खरे. परंतु न तपासलेल्या हक्कांची संख्या वाढली, तर तेच कारागीर परस्परांच्या दाव्यांत अडकण्याची भीतीही तितकीच खरी आहे. परीक्षणाची क्षमता आणि जुन्या ज्ञानाच्या नोंदी सुधारल्याशिवाय हा पर्याय स्वीकारणे हिताचे होणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लहान उद्योजकाने आज करण्याजोगी गोष्ट साधी आहे. वस्तू बाजारात आणण्यापूर्वी अर्ज करावा, कारण स्वतःच केलेली विक्री किंवा प्रसिद्धीही नावीन्य नष्ट करू शकते; सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसारखे याला मोजकेच अपवाद आहेत. त्याआधी सार्वजनिक पेटंट संग्रहांत शोध घ्यावा, म्हणजे आपली युक्ती नेमकी कोठे नवी आहे हे कळते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पेटंट व डिझाइन यांतील फरक एखाद्या घरगुती वस्तूच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. कलम ३ (एफ) लहान उत्पादकांच्या हिताचे आहे काय ? दोन्ही बाजू मांडा.
३. भारतात युटिलिटी मॉडेलचा कायदा असावा काय ? आर्थिक निकषांवर चर्चा करा.